मार्वच्या नावाची फाईल

रूबेन कांगासचा कशावरच विश्वास नव्हता, आणि ते तो लपवतही नसे. रेडिओवर सहा इंच बर्फ सांगितला की तो बारा इंचांची तयारी करी, आणि एकही इंच पडला नाही तर म्हणे, "बघा, काहीतरी दडवतायत." विजेचा मीटर बघायला येणाऱ्या माणसाच्या मागोमाग तो घराला वळसा घालत जाई. चर्चमध्ये नवा पाद्री आला, तर याने आधी त्याच्या गाडीची नंबरप्लेट पाहिली आणि प्रवचन नंतर ऐकलं. एकतीस वर्षं काउंटीच्या रस्तेखात्यात बर्फ काढायचा ट्रक चालवला होता त्याने. रस्ता कुठला आणि खड्डा कुठला ते दिसत नाही अशा पांढऱ्या धुक्यात आयुष्य गेलं, म्हणून माणूस असा झाला, असं त्याची बायको इर्मा सांगायची. हे काही खरं नव्हे. त्याच खात्यातले बाकीचे ड्रायव्हर चांगले हसतेखेळते म्हातारे झाले आहेत. रूबेनची घडणच तशी.

या सगळ्यातून सुटलेला माणूस एकच, मार्विन तुओमेला. मार्व दोन घरं सोडून राहायचा. शाळेत पोरांना सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला, उंच, हळू बोलणारा. त्याची बायको सिग्नी जाऊन नऊ वर्षं झाली होती. दर शनिवारी चार वाजता तो खांद्यावर टॉवेल टाकून रूबेनच्या परसातल्या सौनाकडे, लाकडी वाफेच्या खोलीकडे, यायचा. तापल्या दगडांवर पाणी ओतून दोघं मित्र वरच्या फळीवर घाम गाळत बसायचे, मग कॉफी आणि इर्माच्या हातचा वेलचीचा गोड पाव. अडतीस वर्षं हे चाललं होतं. आमच्याकडे सौनाचं आमंत्रण कुणी देत नाही. धुराड्यातून धूर दिसला की ज्याची वहिवाट आहे तो येतो. धूर दिसला नाही तर समजायचं की घरात कुणीतरी गेलं, नाहीतर कुणाशी तरी बिनसलं.

रूबेनला लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणारं फुकटचं सॉफ्टवेअर, दिलं तेही मार्वनेच. नवा लॅपटॉप घेतला तेव्हा रूबेनला आठवडाभर स्वस्थता नव्हती. यंत्र आपलं बोलणं ऐकतं, आपण काय वाचतो ते कुणाला तरी कळवतं, असं त्याने ठाम ठरवून टाकलं होतं. शेवटी मार्व एक पेन ड्राइव्ह घेऊन आला.

"हे घे. याचा मालकच कुणी नाही."

"मालक नाही? मग हे बनवतं कोण?"

"कोणीही. जगभरची रिकामटेकडी माणसं."

"आणि त्यांचा काय फायदा?"

"रूबेन, चुगली करायची म्हटली तरी मालकाकडे करावी लागते ना? इथे मालकच नाही तर करणार कुणाकडे?"

हे रूबेनला पटलं. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या भाषेत बोललं होतं. दोघं मग दर मंगळवारी संध्याकाळी गावच्या वाचनालयाच्या तळघरात जाऊ लागले. तिथे पाचसहा लिनक्सवाले जमत, एकमेकांची यंत्रं उघडून बघत आणि लॉरेटा नावाच्या ग्रंथपालबाईंनी केलेली पातळ कॉफी पीत.

आता रूबेनच्या नोंदींबद्दल. तरुणपणापासून तो वह्या लिहायचा. कुणी कुणाच्या दारात बर्फ लोटला, कोण काय म्हणालं आणि पुढे काय केलं, हे सगळं तारखेसकट. लिनक्स आल्यावर त्याने दोन हिवाळे बसून जुन्या वह्या यंत्रात उतरवल्या. एकेका माणसाची एकेक फाईल, साध्या मजकुराची, वर त्या माणसाचं नाव. मीटरवाल्याची होती, पाद्र्याची होती. आणि मार्वचीही होती. विश्वास होता म्हणून काय झालं? विश्वासाच्या माणसावर तर जास्तच लक्ष ठेवायला हवं. मासेमारीसाठी बर्फाला भोक पाडायचं गिरमिट मार्वने नेलं आणि तीन आठवडे परत केलं नाही, हे त्यात होतं. आणखीही बरंच होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, चर्चमधून आल्यावर, रूबेनने मार्वची फाईल उघडली. आदल्या दिवशी सौनात मार्व काहीतरी बोलला होता ते लिहायचं होतं. फाईल उघडली आणि तो खुर्चीत ताठ झाला.

ती नेहमीच्या खिडकीत उघडली नव्हती. त्याचा नेहमीचा लिहायचा प्रोग्राम करड्या रंगाचा, डावीकडे ओळींचे आकडे दाखवणारा. ही खिडकी पांढरीफटक होती, आकडे नव्हते, अक्षरं वेगळी, आणि वरच्या पट्टीचा तोंडवळा थेट विंडोजचा. ज्या विंडोजला त्याने सात वर्षांपूर्वी घराबाहेर काढलं होतं ते आपलं तोंड दाखवत त्याच्या समोर बसलं होतं, आणि त्याच्या पोटात उघडी पडली होती मार्वची फाईल.

"इर्मा!"

"काय पेटलं?"

"या यंत्राला कुणी हात लावला?"

"मी धूळ पुसते. अजून कुणाला हौस आहे?"

रूबेनच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. त्याने हिशेब मांडला. फाईल शेवटी ज्या प्रोग्रामने उघडली तो ती लक्षात ठेवते, असं त्याचं गणित. म्हणजे कुणीतरी दुसऱ्याने, दुसऱ्याच कशाने तरी, ही फाईल उघडली होती. कोण? ज्याला लिनक्स कळतं तोच. घरात कधी? शनिवारी. डॉक्टरांनी मार्वला फार वेळ उष्णतेत बसू नको म्हणून बजावलं होतं, त्यामुळे पाण्याचे दोन तांबे ओतून झाले की तो बाहेर पडायचा, कपडे करायचा आणि स्वयंपाकघरात येऊन बसायचा. रूबेन आत अजून पंधरा मिनिटं. इर्मा त्या वेळी तळघरात धुण्याशी. आणि लॅपटॉप स्वयंपाकघराच्या टेबलावर. पंधरा मिनिटं फार झाली. एवढ्यात अख्खी फाईल वाचून होते.

दुसरं कुणी असतं तर त्याने आणखी दोन फायली उघडून पाहिल्या असत्या. रूबेनने पाहिल्या नाहीत. त्याला उत्तर मिळालं होतं, आणि उत्तर मिळालं की पुढे बघायची त्याची पद्धत नव्हती.

सोमवारी त्याने फाईल लपवली. मजकुराची फाईल आहे असं कुणाला वाटूच नये म्हणून तिचं नावच बदललं. 'भट्टी' असं नाव दिलं आणि शेवटी फोटोच्या फाईलला असतं ते शेपूट लावलं. सौनाच्या भट्टीचा फोटो कोण उघडून बघणार? स्वतःवर खूश होऊन त्याने लॅपटॉप मिटला आणि झाकणावर एक आगकाडी आडवी ठेवली, कुणी उघडलं तर पडेल अशी. बुधवारी आगकाडी जमिनीवर होती.

"ही काडी कुणी पाडली?"

"टेबल पुसलं मी," इर्मा म्हणाली.

"का पुसलंस?"

"चाळीस वर्षं पुसतेय, रूबेन. आजच का विचारलंस?"

त्याने फाईल उघडायला घेतली. फोटो दाखवणारी काळी खिडकी आली आणि तिने सांगितलं की हे चित्र नाही, हे वाचता येत नाही. त्याने पुन्हा क्लिक केलं. पुन्हा तेच. रूबेनची कानशिलं तापली. वाचली ती वाचली, वर बिघडवूनही ठेवली! मंगळवारी आपण बैठकीला गेलो नाही, गॅरेजात बसलो, पण मार्व त्या वेळी कुठे होता? आणि इर्मा तेव्हा दुकानात गेली होती. दाराला कुलूप आमच्याकडे कोण लावतं? त्याने बॅटरी काढली, वायर गुंडाळली आणि लॅपटॉप कपड्यांच्या कपाटात लोकरी मोज्यांखाली ठेवून दिला. त्या दिवसापासून नोंदी पुन्हा कागदावर.

शनिवारी त्याने सौना पेटवली नाही.

चार वाजता मार्व टॉवेल घेऊन परसात आला, धुराड्याकडे बघत उभा राहिला, मग मागच्या दाराशी आला.

"धूर नाही रे?"

"धुराडं चोंदलंय," रूबेन दारातच आडवा उभा राहून म्हणाला.

"मी चढतो वर. ब्रश आहे माझ्याकडे."

"नको."

"अरे, दहा मिनिटांचं काम—"

"नको म्हटलं ना. तुला सगळीकडे डोकवायला कशाला हवं?"

मार्वने त्याच्याकडे पाहिलं. मग इर्माकडे पाहिलं. इर्मा ओट्याकडे तोंड करून उभी होती. "बरं," तो म्हणाला आणि टॉवेल कोटाच्या आत खुपसून गेला. त्यानंतरच्या शनिवारीही धूर निघाला नाही. मार्व परसापर्यंत आला नाही, रस्त्यावरूनच बघून वळला. ते रूबेनने खिडकीतून पाहिलं आणि कागदावर लिहून ठेवलं: आत आला नाही, म्हणजे मनात खोट आहे.

इर्माचा मात्र धीर सुटला. "तुझं काय बिनसलंय त्याच्याशी ते त्याला तरी सांग. त्या माणसाला आपल्याशिवाय कोण आहे? आणि तुला तरी त्याच्याशिवाय कोण आहे?"

"वेळ आली की सांगेन. सगळ्यांसमोर सांगेन."

ती वेळ त्याने मंगळवारी आणली. लॅपटॉप मोज्यांखालून काढून, काखोटीला मारून तो वाचनालयाच्या तळघरात गेला. लॉरेटा होती, आणखी तिघं होते, आणि कोपऱ्यात मार्व. रूबेन बसला नाही.

"मला एक सांगा," तो म्हणाला. "एखाद्या माणसाची फाईल नेहमी एका प्रोग्राममध्ये उघडते. एक दिवस ती भलत्याच प्रोग्राममध्ये उघडली. तर हे केलं कोणी?"

"कोणी केलं असं नसतं नेहमी," मार्व कोपऱ्यातून म्हणाला. "काही नवीन बसवलंस का?"

"काहीही बसवलेलं नाही."

"नक्की?"

"तू मला विचारतोस? मी तुला विचारतोय! माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझी कॉफी पिऊन, माझी फाईल उघडलीस तू. आणि वर बिघडवलीस."

लॉरेटाच्या हातातली किटली वाटेतच थांबली. मार्व हळूहळू उठून उभा राहिला.

"कोणती फाईल?"

"माहीत नाही जसं काही! तुझ्या नावाची."

रूबेनलाही स्वतःचे शब्द ऐकू आले, पण तोवर ते बाहेर पडून गेले होते.

"माझ्या नावाची फाईल आहे?" मार्वने विचारलं.

मार्वने टेबलाशी येऊन बॅटरी बसवली, लॅपटॉप सुरू केला. मार्वची फाईल त्याने शोधलीही नाही. वरवर दिसणारी एक फाईल घेतली, इर्माने ओव्हनमधल्या धिरड्याची कृती लिहून ठेवली होती ती, आणि तिच्यावर क्लिक केलं. पांढरीफटक खिडकी उघडली. विंडोजच्या तोंडवळ्याची. पुढची फाईल घेतली, पाद्र्याची. तीही तिथेच. मीटरवाल्याचीही तिथेच.

"मी धिरड्याची कृतीसुद्धा चोरून वाचली वाटतं," मार्व म्हणाला.

लॉरेटा पडद्यावर वाकली. "आणि हे काय, रूबेन? हे बर्फ उडवायच्या यंत्राच्या सुट्या भागांचं पुस्तक?"

रूबेनने पुढे होऊन पडद्यावरचं नाव वाचलं. आता त्याला आठवलं. त्या रविवारच्या आधीचा गुरुवार. बर्फयंत्राची खीळ तुटली होती आणि तिचा नंबर ज्या सीडीत होता ती फक्त विंडोजवर चालायची. तेव्हा विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारी एक सोय त्याने उतरवून घेतली, सीडी चालवली, नंबर टिपला, खीळ मागवली. त्याच्या लेखी ते बर्फयंत्राचं काम होतं, कॉम्प्युटरचं नव्हतंच. बँकेचा कागद तीनदा वाचणाऱ्या माणसाने त्या दिवशी काहीही न वाचता सगळ्या प्रश्नांना 'हो' म्हटलं होतं.

मार्व वर्गात बोलावं तसा बोलू लागला, रूबेनकडे न बघता. "रस्तेखात्याच्या गॅरेजात फळा असतो. डांबरी रस्ते अमक्या ट्रककडे, कच्चे रस्ते तमक्याकडे. रस्त्याला ठाऊक नसतं आज कुठला ट्रक येणार. कालचा कुठला आला तेही ठाऊक नसतं. फायलींचं तसंच. फाईल काही लक्षात ठेवत नाही. यंत्रात एक यादी असते: साधा मजकूर आला की याच्याकडे, फोटो आला की त्याच्याकडे. तू जे बसवलंस त्याने येताच फळ्यावरचं तुझ्या माणसाचं नाव पुसलं आणि मजकुरापुढे आपल्या माणसाचं लिहिलं. एवढंच झालंय. कुणी काही उघडलं नाही."

त्याने माउसचं उजवं बटण दाबलं, 'कशाने उघडायचं' तिथे जाऊन करडा प्रोग्राम निवडला, तोच कायमचा अशी खूण केली. धिरड्याची कृती पुन्हा आकड्यांच्या ओळींसह उघडली. सगळं मिळून अर्धं मिनिट. मग लॅपटॉप मिटून त्याने रूबेनच्या हातात दिला.

"शनिवारी येतो," तो म्हणाला. "ती फाईल वाचायला."

रूबेन घरी आला तो कोट न काढता खुर्चीत बसला. इर्माने सगळं ऐकून घेतलं. एवढी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि लाजेपेक्षा भीती मोठी होती, कारण त्या फाईलमध्ये काय काय आहे ते त्याला ठाऊक होतं.

"पुसून टाक ती," इर्मा म्हणाली.

"पुसली तर तो म्हणेल, तसंच काहीतरी होतं म्हणून पुसली."

"मग दे वाचायला."

"ती बिघडली आहे. मी पाहिलंय ना, उघडतच नाही." आणि या विचाराने त्याला त्या दिवसातला पहिला बरा श्वास आला. फाईल मेलेली आहे. मार्व येईल, बघेल, हात झटकेल, आणि दोघं सौनात जातील.

शनिवारी दुपारी दोनलाच त्याने बर्चची लाकडं पेटवली. चार वाजता मार्व आला. टॉवेल होता खांद्यावर. तो सरळ स्वयंपाकघरात येऊन लॅपटॉपसमोर बसला.

"हीच. पण उघडत नाही बघ ती," रूबेन घाईघाईने म्हणाला. "मेली."

मार्वने 'भट्टी' हे नाव वाचलं, शेवटचं शेपूट वाचलं. "तू फोटोचं नाव दिलंस, म्हणून यादीने फोटोवाल्याकडे पाठवली. तो बिचारा अक्षरांचं काय करणार? नाव बदललं म्हणून आतलं बदलत नाही, रूबेन." त्याने शेपूट खोडलं, साध्या मजकुराचं लावलं, क्लिक केलं. फाईल उघडली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत शाबूत.

मार्वने चष्मा चढवला आणि वाचायला लागला. इर्मा आज तळघरात गेली नाही, ओट्याशी उभी राहिली. रूबेन दाराच्या चौकटीला टेकून मार्वचा चेहरा बघत होता. गिरमिटाशी मार्व थोडा हसला. "केलं होतं परत. तुझ्या गॅरेजात मागच्या भिंतीला आहे." पुढे कुठेतरी त्याने मान हलवली. मग बराच वेळ नुसतं माउसच्या चाकावरचं बोट खाली सरकत होतं. आणि एका जागी ते थांबलं.

रूबेनला तिथून अक्षरं दिसत नव्हती. दिसायची गरज नव्हती. नऊ वर्षांपूर्वीची नोंद होती ती. सिग्नीला पुरून सहा आठवडे झाले नाहीत आणि मार्व आज सौनात मोठमोठ्याने हसला. एवढ्यात? लक्षात ठेवणे.

मार्वने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सहा आठवड्यांत त्या दिवशी पहिल्यांदा हसलो होतो मी," तो म्हणाला. "तू काहीतरी बोललास. म्हणून हसलो. घरी जाताना वाटलं होतं, रूबेनने मुद्दाम केलं माझ्यासाठी."

परसात धुराडं चांगलं धडधडत होतं. रूबेनने आठवायचा प्रयत्न केला. मनापासून केला. ती संध्याकाळ, ती फळी, मार्वचं हसणं, सगळं समोर आलं, पण आपण काय बोललो ते काही केल्या येईना.

"मी काय म्हणालो होतो, मार्व?" त्याने विचारलं.

मार्व उठला, टॉवेल उचलला.

"ते लिहून ठेवायचं होतंस," तो म्हणाला, आणि मागच्या दाराने बाहेर पडून, सौनाला वळसा घालून, आपल्या घराकडे चालत गेला.